ज्याची तक्रार, त्यानं कुटायचं

आबा, कंपनीनं तुमच्यासाठी एक भिंत उघडली आहे. खरीखुरी नाही, फोनमधली. वर तुमचा ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात तुम्ही चोरी करताना पकडले गेल्यासारखे दिसता, आणि खाली ज्याला जे लिहायचं ते लिहायला पिवळे-गुलाबी चौकोन. आपण कार्यशाळेत वापरत होतो तेच साधन. पुण्याच्या ऑफिसातून कुणीतरी घाईघाईत ते सुरू केलं आणि कार्यशाळेची जुनी मांडणी तशीच राहू दिली, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव उमटत नाही. प्रत्येक चौकोनाखाली बारीक अक्षरात 'अनामिक' येतं. एका अनामिकानं तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली आहे. दुसऱ्या अनामिकाला तुमच्या जाण्यानं पोकळी जाणवते आहे. हे वाचून मला हसू आलं आणि मग मीच चरकले, कारण तो हसण्याचा दिवस नव्हता.

धुळ्याच्या माणसांचे चौकोन मात्र लांबून ओळखू येतात. 'तुम्हनाबिगर पाळी सुनी लागस. मुकुंदा, लूम विभाग.' खाली यंत्र म्हणतं अनामिक, आणि वर मुकुंदा आपलं नाव सांगून मोकळा. ही खोड तुम्ही लावलेली. माझा चौकोन रिकामा होता, काल रात्रीपर्यंत तरी. त्यात मोजकीच अक्षरं मावतात आणि आपलं भांडण मोठं आहे, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

आपली ओळख भांडणानंच झाली. जळगावचा आणि धुळ्याचा असे चटईचे दोन कारखाने मालकांनी पुण्याच्या कंपनीला विकले, आणि नव्या साहेबांनी ठरवलं की दोन्ही मिळून आता एकच 'कुटुंब' व्हायचं. कुटुंब म्हणजे काय, हे ज्याला-त्याला कळत होतं. धुळ्याचे लूम, म्हणजे चटई विणायचे माग, उचलून जळगावला न्यायचे की नाही, एवढा एकच प्रश्न होता. नेले तर तिथल्या माणसांनी पारोळा-एरंडोल करत रोज जळगाव गाठायचं, नाहीतर घरी बसायचं. मी जळगावच्या प्रशिक्षण विभागातली. माझ्याकडे काम आलं की लोकांच्या कार्यशाळा घ्या, बदलाबद्दल त्यांना मोकळेपणानं बोलू द्या, त्यांचं मत नव्या साधनांनी गोळा करा. ते साहेब ऐकतील आणि मग निर्णय होईल. निर्णय आधीच झालेला नाही ना, असं मी विचारलं होतं. 'अजिबात नाही,' असं उत्तर मिळालं. तेव्हा मी ते खरं धरून चालले, आणि अजूनही ते खोटं होतं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

धुळ्याची पहिली कार्यशाळा तुमच्या कॅन्टीनमध्ये. भिंतीला ओल आलेली म्हणून मी पांढरी चादर टांगली, तिच्यावर प्रोजेक्टरचा उजेड पाडला, आणि बाजूच्या खांबावर तो काळ्या ठिपक्यांचा चौकोनी कोड चिकटवला. फोन समोर धरा, कोड टिपा, प्रश्न उघडेल, उत्तर लिहा, असं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या भिकानं फोन धरला, डोकं खाजवलं आणि विचारलं, "ताई, कितला टाकाना?" त्याला वाटलं, वर्गणी आहे. मागं पाहते तर अर्ध्या कॅन्टीननं पैसे भरायचं ॲप उघडलेलं. त्यांचंही बरोबरच होतं, तसला कोड त्यांनी फक्त चहाच्या टपरीवर आणि किराणा दुकानात पाहिला होता. तुम्ही मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होतात. लूमचे सुपरवायझर, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात टेस्टर. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कंपनी माणसांकडून पैसे घेते असं पहिल्यांदा पाहतोय." सगळे हसले. मला तुमचा राग आला.

मग मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, जे माझं जळगावला बऱ्याच वेळा म्हणून झालं होतं: "कोणाचंही नाव येणार नाही. कोणी काय लिहिलं ते कुणालाच कळणार नाही, मलासुद्धा नाही. अगदी निर्धास्त लिहा." जळगावला हे वाक्य ऐकलं की माणसं सैल होत. धुळ्याला उलटं झालं. सगळे मान वळवून तुमच्याकडे पाहायला लागले. तुम्ही उठलात, माझी परवानगी न घेता. माझ्याशी तुम्ही बहुतेक शहरी बोलायचात, पण तेव्हा माझ्याशी बोलत नव्हतात.

"आपलं बोलनं शे ना? मंग आपलं नाव लावा. मांगथीन बोलनारा आपन नहीत."

आणि बसलात. बघता बघता चादरीवर चौकोन पडायला लागले. 'लूम हलवू नका. मुकुंदा.' 'जळगाव दूर पडस, माय एकटी शे. सुरेश.' 'तीन नंबरना पंखा बंद शे. भिका.' 'माले काही सांगानं नही. राजू.' ज्याला काही सांगायचं नव्हतं त्यानंही नाव घातलं होतं. पडद्यावर आख्खी पाळी सहीनिशी उभी राहिली. मी इतक्या ठिकाणी ते साधन वापरलं, पण निनावी भिंतीवर असं गाव उतरलेलं कुठं पाहिलं नाही.

नवे साहेब दाराशी उभे होते. ते पुढं आले, चष्मा सारखा केला, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अरे वा, नावंही आली. बरं झालं, सोयीचं झालं." त्यांनी खिशातून फोन काढला. फोटो काढायला, की कुणाचा फोन आला म्हणून, ते मला माहीत नाही. मी लॅपटॉपवर बोट दाबलं आणि भिंत पुसून टाकली. चादर नुसती पांढरी. मी म्हटलं, तांत्रिक अडचण आली, पुन्हा घेऊ.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला गाठलंत. मला वाटलं, आभार मानाल. मी तुमच्या माणसांना वाचवलं होतं, निदान माझ्या हिशेबानं. तुम्ही म्हणालात, "ताई, आम्हनं बोलनं तुम्ही पुसी टाकं." रागावून नाही. एखाद्या नवख्याला यंत्राचा बिघाड दाखवावा तसं. मी साहेबांचं 'सोयीचं' तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. "सोयीचंच लिहिलं आम्ही," तुम्ही म्हणालात. "सोय त्यांची व्हावी म्हणूनच तर लिहिलं. कोणाशी बोलायचं ते त्यांना कळावं." मी म्हटलं, आणि कोणाला काढायचं तेही कळावं? यावर तुम्ही टोपी काढून झटकलीत आणि परत घातलीत.  त्याचं उत्तर अजून माझ्याकडे आलेलं नाही आणि आता येण्याची सोय राहिलेली नाही.

तेव्हापासून दर कार्यशाळेला आपलं हेच. मी धुळ्याला आले की तुम्ही चहा मागवायचा आणि विषय काढायचा. मी म्हणायची, घाबरलेल्या माणसाला आडोसा लागतो, तो दिल्याशिवाय तो खरं बोलत नाही. तुम्ही म्हणायचात, आडोशाला बसून जे करतात त्याला बोलणं म्हणत नाहीत. तुम्ही माझ्या भुसावळवर घसरायचात. माझे वडील रेल्वेत, माझं बालपण रेल्वे कॉलनीत, तेव्हा तुमचं म्हणणं, भुसावळच्या माणसाला गावच नसतं, नुसतं जंक्शन असतं, त्याला नावाची किंमत काय कळणार. मी म्हणायची, शिंदखेड्याकडच्या माणसाला गाव इतकं असतं की त्याला स्वतःचं असं काही मतच नसतं. यावर तुम्ही खूश व्हायचात. तुम्हाला टोला लागला की तुम्ही खूश व्हायचात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

हिवाळ्यात तुम्ही मला भरताला बोलावलंत. येताना जळगावची वांगी आणायची, एवढीच अट. आपल्याकडे थंडीत भरताच्या पार्ट्या कुठं होत नाहीत, पण तुमची वेगळी होती, हे मला तिथं आल्यावर कळलं. कारखान्यामागच्या मुकुंदाच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ केलेला, वांगी त्यात काळी ठिक्कर पडत होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून आलेल्या. सोललेली वांगी लाकडी काठवटीत पडली आणि तुम्ही दांडका वर धरून विचारलंत, "कोन कुटी?" मला वाटलं, विचारताहेत कोण दमलेलं नाही. सुरेश उठला. दांडका घेतला, कुटायला लागला आणि कुटता कुटता बोलायला लागला. सुट्टी मागितली तेव्हा तुम्ही त्याला चारचौघांत बोललात, ते त्याला लागलं होतं. तो बोलत होता तुमच्याबद्दल, तुमच्यासमोर, आणि मारत होता वांग्यावर. तुम्ही तेल ओतत ऐकत होतात. बोलणं संपलं तेव्हा हात दुखला म्हणून तो थांबला आणि दांडका पुढच्याला दिला.

तुम्ही मला नियम सांगितलात: ज्याची तक्रार, त्यानं कुटायचं. उभं राहून, सगळ्यांसमोर, हातात काम घेऊन. मधे कुणी बोलायचं नाही. काठवट रिकामी झाली की तो विषय जेवणात काढायचा नाही. तुमच्या आधीच्या सुपरवायझरनं हे सुरू केलं की तुम्ही, याबद्दल तिथं दोन मतं होती. भिका माझ्या पानात वाढताना म्हणाला, "यंदा भरीत मऊ व्हयनं ताई. म्हनजे कारखानामा बठ्ठं ठीक नही." खरंच मऊ झालं होतं. मी आजवर तसं भरीत खाल्लेलं नाही, आणि मी भुसावळची आहे, भरताच्या बाबतीत आम्ही सहसा कुणाला मोठं म्हणत नाही.

परतताना तुम्ही गाडीपर्यंत आलात. तुम्हाला ऐकायचं होतं, ते दिसत होतं. "ही आमची कार्यशाळा," तुम्ही म्हणालात. "चादर नाही, उजेड नाही." मी म्हटलं, छान आहे. फक्त एक सांगा आबा, पॅकिंगमधल्या बायका कुठं होत्या? तुम्ही म्हणालात, त्यांना शेतात कोण बोलावणार, त्यांची घरं, त्यांचा स्वयंपाक. मी म्हटलं, मग त्यांची तक्रार कोण कुटतं? तुम्ही गाडीचं दार लावून दिलंत. मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि गाडी पारोळ्याला पोचेपर्यंत ते टिकलं.

पुढच्या कार्यशाळेत मी मुद्दाम पॅकिंग विभाग वेगळा बसवला. तुम्हाला मागं बसू दिलं, पण 'नाव लावा' म्हणायचं नाही असा शब्द घेतला. तुम्ही तो पाळलात. बायका एकमेकींच्या फोनमध्ये डोकावत, हसत, पुसत, पुन्हा लिहीत होत्या. बरंच काही आलं, पगार, बसायला स्टुलं, दिवाळीची सुट्टी. मग एक चौकोन आला: 'आमच्या बाथरूमला आतून कडी नाही. एकीला बाहेर उभं राहावं लागतं.' हसणं थांबलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. तुम्ही त्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिलात. मला तुमचं तोंड दिसत होतं आणि मला ते पाहायला आवडलं नाही. मी जिंकले होते, पण असं जिंकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तुम्ही स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलात आणि कडी बसवलीत. मेन्टेनन्सला सांगितलं नाहीत. कुणी लिहिलं, ते विचारलं नाहीत, पॅकिंगच्या मुकादम रेखाताईंनी नाव सांगायचा प्रयत्न केला तेव्हा तुम्ही हातानंच थांबवलंत. हे मला रेखाताईंनीच सांगितलं. आणि त्या वर्षीचं दुसरं भरीत तुम्ही शेतात नाही, कॅन्टीनमध्ये केलंत, दुपारी, दोन्ही पाळ्या भेटतात त्या वेळेला. रेखाताईंनी दांडका घेतला. त्या तुमच्याबद्दलच बोलल्या, तुम्ही त्यांना नावानं न बोलावता 'पॅकिंगवाल्या' म्हणता, याबद्दल. तुम्ही खाली बघत होतात. आबा, माणूस त्या वयात ऐकून बदलतो, हे मी कार्यशाळेच्या पडद्यावर कितीदा लिहिलं, पाहिलं मात्र तिथं. याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आता मानते.

तुम्ही मला एवढंच म्हणालात, "हे तुमचं बरोबर शे. हे कोणी नावानं बोललं नसतं." मग चहाचा घोट घेऊन, जसं काही मधे काही झालंच नव्हतं तसं, "पन हाई कडी शे ताई. कारखाना हालाडनं म्हनजे कडी नही." मी म्हटलं, दोन्हीला तीच भिंत चालते. तुम्ही म्हणालात, कडीची गोष्ट लाजेची आहे, लाजेला पडदा पाहिजे. कारखाना हलवायला कसली लाज? तिथं माणूस दिसला पाहिजे. साहेबाला आकडे दिसतात, इतके हो, इतके नाही. आकड्याला माय नसते. मी म्हटलं, आबा, तुम्ही आता भाषण करताय. तुम्ही म्हणालात, हो, सवय नाही, म्हणून जमत नाही.

आपली शेवटची भेट मी काही निराळी म्हणून लक्षात ठेवली नव्हती. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. तुम्ही कॅन्टीनचे पंखे बंद करत होतात, एकेक करून, कंपनीची वीज स्वतःच्या घरची असल्यासारखे. मी सांगितलं, आता एकच कार्यशाळा उरली, जळगावला, दोन्ही कारखान्यांची एकत्र. तिथं थेट विचारायचं, लूम हलवायचे का. त्यानंतर निर्णय. तुम्ही शेवटचा पंखा बंद केलात आणि विचारलंत, "बठ्ठा बोलनात. तुम्ही कव्हय बोलशात?"

मी म्हटलं, मी कधी बोलणार? माझं काम विचारायचं. कार्यशाळा घेणाऱ्यानं मत द्यायचं नसतं, नाहीतर लोकांवर परिणाम होतो. हा आमच्या कामाचा नियम आहे. तुम्ही म्हणालात, "म्हणजे मत आहे." मी म्हटलं, असेल. तुम्ही म्हणालात, "कोणतं?" मी हसून वायर पिशवीत टाकली. माझीही नेमणूक नव्या कंपनीत अजून पक्की व्हायची आहे, हे तुम्हाला माहीत होतं. मी ते बोलले नाही आणि तुम्हीही बोलला नाहीत. तुम्ही दार ओढून घेतलंत आणि मी गाडीत बसले.

मग रेखाताईंचा फोन. सकाळची पाळी करून तुम्ही गावी गेलात, ओट्यावर टेकलात आणि पाणी मागितलंत. एवढंच त्यांना माहीत होतं. मी फोन ठेवला आणि समोरच्या फायलीतलं एक पान पूर्ण वाचून काढलं, त्यात काय होतं ते सांगता येणार नाही. रडू आलं ते खूप नंतर, धरणगावला सासरी, भाजी निवडताना. सासूबाईंनी विचारलं, कोण होते तुझे? मला नीट सांगता येईना. कारखान्यातले होते, म्हटलं.

दहाव्याला मी तुमच्या गावी आले. तुमची मुलं तापीवरून परतली नव्हती. तुमच्या कारभारीण अक्का ओसरीवर बायकांत बसल्या होत्या. मी ओळख सांगायच्या आधीच म्हणाल्या, "भुसावळनी ताई ना?" मी मान हलवली. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, ताईचा विषय घरी रोज निघायचा. मला वाटलं, काहीतरी चांगलं सांगतील, अशा वेळी सांगतात तसं. त्या म्हणाल्या, "त्या सांगेत, ताई हुशार शे, पन बठ्ठासले घरमा लयी जास आनि सोता बाहेर उभी ऱ्हास."

ताई सगळ्यांना घरात नेते आणि स्वतः बाहेर उभी राहते, असं तुम्ही म्हणायचात. अक्कांनी ते टोमणा म्हणून सांगितलं नाही, तुमची आठवण म्हणून सांगितलं. मी पाणी प्यायले. परतीच्या सगळ्या रस्त्यात मी तुमच्याशी भांडत होते, आणि तुम्ही नसल्यामुळे माझे सगळे मुद्दे बरोबर येत होते. त्यात काही मजा नव्हती.

काल जळगावची कार्यशाळा झाली. धुळ्याची माणसं कंपनीच्या बसनं आली. पुढची एक खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती, मला वाटलं तुमच्यासाठी, पण भिकानं तिच्यावर डबे ठेवले. जळगावचे एका बाजूला, धुळ्याचे एका बाजूला, मधे वाट. आमच्या जळगावच्या लोकांनाही कळत होतं की लूम इकडे आले तर त्यांच्या पाळ्या वाढतील, भरती होईल, पोराबाळांना लावता येईल. त्यांचं काय चुकतं? मी हे तुम्हाला सांगणार होते, जळगावलाही माय असते. तो मुद्दा राहून गेला. लिहून ठेवते, तुमच्या खात्यावर.

पडद्यावर प्रश्न होता, धुळ्याचा लूम विभाग जळगावला हलवावा का, आणि का. नवे साहेब पहिल्या रांगेत. मी माझं वाक्य म्हटलं, कुणाचंही नाव येणार नाही. धुळ्याच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. चौकोन यायला लागले. 'हलवावा, एकत्र काम सोपं होईल.' अनामिक. 'हलवा.' अनामिक. 'हलवू नका, आमची घरं तठे शेतस. सुरेश, लूम.' 'नको. रेखा, पॅकिंग.' 'आबा व्हतात तर नही म्हनतात. मुकुंदा.' मुकुंदाचं ते वाक्य पडद्यावर आलं. साहेबांनी मान तिरकी करून ते वाचलं. मग त्यांनी फोन हातात घेतला.

माझं बोट लॅपटॉपवरच होतं. एकदा दाबलं की पडदा पांढरा, तांत्रिक अडचण, आणि यांची नावं सुरक्षित. मला ते जमतं, तुम्ही पाहिलेलं आहे. आणि मी म्हणते ते मी आजही म्हणते, आबा, भ्यालेल्या माणसाला आडोसा लागतो. पण ही माणसं भ्यालेली नव्हती. त्या हॉलमध्ये आडोशाला मी एकटीच उभी होते.

मी लॅपटॉपपासून दूर झाले. पिशवीतून स्वतःचा फोन काढला आणि भिंतीवरच्या कोडसमोर धरला. गंमत सांगते, पहिल्या खेपेला माझ्याही फोनमध्ये पैसे भरायचं ॲप उघडलं. भिकानं ते पाहिलं आणि तोंड दाबून हसला. मग बरोबर पान आलं. मी लिहिलं: 'लूम विभाग धुळ्यालाच ठेवावा. तिथं माणसं तोंडावर बोलतात आणि ऐकून घेतात, तसं काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ते हलवता येणार नाही. वैशाली चौधरी, प्रशिक्षण.'

माझा चौकोन पडद्यावर उमटला. खाली यंत्रानं 'अनामिक' छापलं, त्याचं काम त्यानं केलं. साहेबांनी आधी पडदा पाहिला, मग मागं वळून मला पाहिलं.  निर्णय सोमवारी कळेल असं म्हणून ते गेले. तो काय होईल मला माहीत नाही, आणि माझ्या नेमणुकीचं काय होईल तेही नाही. हात मात्र कुटल्यासारखा दुखत होता, फोनच तर धरला होता.

रात्री घरी आल्यावर तुमच्या त्या भिंतीवर गेले आणि माझा चौकोन भरला. एकच ओळ. 'आबा, या वेळी पुसलं नाही. वैशाली.'